घसारेकाका

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण माजलगावात ते सांगून घर सापडलं नसतं. 'घसारे वकील कुठं राहतात?' असं विचारलं की धान्याच्या मोंढ्यातला हमालसुद्धा हात करून दाखवायचा. एका लग्नाची पत्रिका त्यांना 'श्री. घसारे' या नावानंच आली होती आणि ते त्या लग्नाला जाऊन जेवूनही आले. तसे ते वकील नव्हते, आयकराचे सल्लागार होते. आमच्याकडं कागदावरचं बोलणाऱ्या माणसाला वकील म्हणतात, म्हणून तेही वकील. मी त्यांना काका म्हणायचे.

घसारा म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी मी ब्यूटी पार्लर काढलं. आमचे मालक साखर कारखान्यात हंगामी कामाला, त्यामुळं घरात दुसरा पैसा लागणारच होता. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघानं आपलं जुनं खताचं गोडाऊन मधे भिंती घालून गाळ्यांमध्ये वाटलं होतं. त्यातला एक मी भाड्यानं घेतला. आत शिरलं की युरियाचा वास यायचा. महिला पतसंस्थेचं कर्ज काढून मी फरशी बसवली, छताला पांढरं पीओपी केलं, आरसे लावले, फेशियलसाठी प्लायवूडची आडभिंत घातली, केस धुवायचं बेसिन बसवलं. वर्ष संपल्यावर पतसंस्थेनं आयकराचं विवरणपत्र मागितलं, तेव्हा कुणीतरी मला काकांकडं धाडलं.

बियाण्याच्या दुकानावर माडीत त्यांचं ऑफिस होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अर्ध्या बाहीचा शर्ट, शेजारी कापडी पिशवी. मी वर्षाची कमाई सांगितली, खर्च सांगितला. त्यांनी काहीच लिहून घेतलं नाही.

"आरसे भिंतीत बसवलेत का टांगलेत?"

"बसवलेत."

"बेसिनला गरम पाण्याची लाईन हाय?"

"आहे की. पण त्याचं काय काम इथं?"

"ताई, तुझी फरशी रोज झिजती. आरशाचा पारा उडतो. जेवढं झिजलं तेवढी तुझी कमाई न्हाई, ती त्या वस्तूनं दिलेली हाय. दरसाल तेवढं नफ्यातून वजा करायचं. त्याला घसारा म्हणत्यात."

"पण काका, गाळा तर संघाचा आहे."

"गाळा संघाचा. आतलं कुणी केलं? भाड्याच्या जागंत आपल्या पैशानं केलं तर घसाऱ्यापुरतं ते आपलंच धरायचं, असा कायदाच हाय. पण मी बघितल्याबिगर लिहीत न्हाई. उद्या येतो."

लेडीज पार्लरमध्ये पुरुष माणूस येणार म्हणून मला रात्रभर काळजी. दुसऱ्या दिवशी ते काकूंना घेऊन आले. नेमकी एक नवरी तोंडाला लेप लावून बसलेली. काका दाराकडं पाठ करून रस्त्यावर उभे राहिले. लेप वाळून, धुऊन, ती पोरगी ओढणी घेऊन निघून जाईपर्यंत ते तसेच उभे होते. येणारा-जाणारा विचारायचा, "वकीलसाहेब, हितं कावून उभे?" तर म्हणायचे, "काम हाय." आत आल्यावर मात्र त्यांचा संकोच गेला. पिशवीतून बॅटरी काढून त्यांनी छताच्या फटीत उजेड पाडला. आडभिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. ड्रॉवर ओढून बघितले. मग वर-खाली होणाऱ्या खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "दांडा मार." मी मारला. काका वर गेले. पाय लोंबकळायला लागले आणि तिथंच ते विचारात पडले, की ही खुर्ची फर्निचरमध्ये धरायची का यंत्रात? यंत्राचा घसारा जास्त असतो.

"आवो, आदी खाली तर उतरा," काकू म्हणाल्या.

"थांब. हिला दांडा हाय, आत तेलाचा दाब हाय. ही यंत्रच."

ते ठरल्यावरच ते खाली आले.

ही टकटक त्यांची फक्त कामापुरती नव्हती. मंगल कार्यालयात अक्षता पडत असताना त्यांची नजर पंख्यांवर असायची. परळीला वैजनाथाच्या रांगेत ते स्टीलचा कठडा हलवून बघायचे आणि पुढच्या माणसाला सांगायचे, "चांगला हाय, टिकंल." काकू सांगायच्या, "हे मला बघायला आलते ना, तवा आदी आमच्या घराचं दार ढकलून बघितलं. मग चौकट. मग मी." त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूच्या मागं लाल रंगात ती कधी वापरात आली ते लिहिलेलं होतं. फ्रिजच्या मागं, मिक्सरच्या बुडाला. घरच्या मिक्सरचा घसारा कुठल्याच कायद्यात मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं. "मिळत न्हाई, पण झिजतो तर खरं," म्हणायचे.

शेजारच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान होतं. त्या दुकानदारानं मला एकदा सांगितलं, की त्याचा बीडचा सल्लागार सगळं लाकडी काम 'तात्पुरतं बांधकाम' म्हणून दाखवतो आणि पहिल्याच वर्षी सगळा खर्च वजा करून टाकतो. मला ते पटलं. मी काकांना म्हटलं, आपलंही तसंच करा की. काका उठले, पायऱ्या उतरून पार्लरपर्यंत चालत आले आणि त्यांनी माझ्या आडभिंतीला चप्पल काढून लाथ मारली. भिंत हलली नाही. आत फेशियलसाठी पडलेली बाई मात्र किंचाळत उठली.

"तात्पुरतं म्हणजे मांडव. तू मांडव घातलास का? स्क्रू मारून भिंत उभी केलीस. ही धा वर्षं झिजणार, तर धा वर्षं लिहायची."

मला राग आला. गिऱ्हाईक गेलं तो राग वेगळा आणि कर भरावा लागला तो वेगळा. बऱ्याच लोकांना त्यांचा असा राग यायचा. लोकांच्या फायद्याचं असेल तिथं ते हट्टानं मिळवून द्यायचे, आणि नसेल तिथं तेवढ्याच हट्टानं अडवायचे. गोड बोलून नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही.

मग ती वर्षं आली. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही गेला. धरणात मधोमध जुन्या गावांची जोती उघडी पडली, लोक मोटारसायकली घेऊन बघायला जायचे. ऊस वाळला, कारखान्याचा हंगाम झाला नाही, मालक घरी बसले. गावाला टँकर आठवड्यातून एकदा यायचा. त्या साली लग्नं झाली ती मोजकी आणि मुकाट्यानं. नवरीला घरातल्याच कुणीतरी हळद-पावडर लावून उभं केलं. माझं केस धुवायचं बेसिन कोरडं पडलं. त्यात मी मासिकं ठेवायला लागले.

माझी नणंद पुण्याहून फोन करायची, की गाळा सोडा, इकडं या, दोघांनाही काम लागेल. मालकांचं मन तिकडंच होतं. माझंही होत आलं होतं.

अशात वर्षाअखेर आली. मी काकांना म्हटलं, "ह्या वर्षी नफा नाही. विवरणपत्र भरायचंच कशाला?"

"नफा न्हाई म्हणून झीज थांबली का? ह्या साली वजा व्हायला नफा न्हाई, तर ती झीज पुढच्या सालात जाती. त्याच्या पुढंबी जाती. पण आत्ता लिहिली तर." मग ते म्हणाले, "बेसिनचं काय करायचं ते मात्र मला कळंना. वस्तू वापरात पायजे. ते वापरात न्हाई."

काही हजारांच्या बेसिनचा घसारा तो केवढा! मी म्हटलं, सोडून द्या. पण त्यांनी सोडलं नाही. मधे बरेच दिवस गेले. एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, ते एकटेच आले. पहिल्यांदाच काकूंशिवाय. बेसिनपाशी गेले, मासिकं उचलून खुर्चीवर ठेवली.

"नळ सोड."

मी सोडला. आतून नुसती हवा आली, फुसफुस.

"टाकीत पाणी आसतं तर चाललं आसतं?"

"हो, का नाही? रोज पुसते मी ते."

"मग हे वापरातच हाय. तयार हाय, पुसलेलं हाय, मालकीण दारात हाय. पाणी न्हाई हा त्येचा दोष न्हाई. कोर्टानं पण मानलंय हे, मी शोधून काढलं."

ते एवढंच बोलून गेले. मी कितीतरी वेळ त्या बेसिनपाशी उभी होते. सगळे मला बंद कर म्हणत असताना कुणीतरी माझ्या दुकानाला कागदावर 'वापरात' म्हटलं होतं. त्या संध्याकाळी मी नणंदेला कळवलं, की एवढं वर्ष बघतो.

आता संघाचं सांगते. संघाचे अध्यक्ष म्हणजे तालुक्यातली मोठी असामी. शंभर एकराचे बागायतदार, प्रत्येक सोसायटीत त्यांचा शब्द. ते आणि काका शाळेपासूनचे दोस्त. अध्यक्षांच्या वडिलांनी काकांची कॉलेजची फी भरली होती, असंही लोक सांगायचे. संघाचं कराचं काम अर्थातच काकांकडं, आणि अध्यक्षांच्या शब्दानं आलेली दूध संघाची, सोसायट्यांची कामंही त्यांच्याकडंच. रोज संध्याकाळी दोघं संघाच्या ओट्यावर बसलेले दिसायचे. बोलायचे कमी, बसायचे जास्त.

दुष्काळात संघ बुडायला आला. शेतकऱ्याकडं पैसा नाही, तर खत-बियाणं उचलणार कोण? अध्यक्षांना बँकेचं नवं कर्ज हवं होतं आणि तारण कमी पडत होतं. एक दिवस आम्हा सगळ्या गाळेवाल्यांना संघाच्या ऑफिसात बोलावलं. अध्यक्ष टेबलामागं, काका शेजारी. सेक्रेटरीनं कागद वाटले. त्यावर लिहिलं होतं, की गाळ्यातली फरशी, छत, कपाटं, आरसे हे सगळं संघानं करून दिलेलं आहे. त्यावर आम्ही सह्या करायच्या, आणि संघ आमचं दुष्काळाच्या काळातलं भाडं माफ करणार.

आमच्यातल्या प्रत्येकाचं भाडं थकलेलं होतं. मोबाईलवाल्यानं तर खिशातून पेनही काढलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात आलं, आरसे कुठं जाणार आहेत, भिंतीवरच तर राहणार.

काकांनी समोरचा कागद वाचला. त्यांना तो आधी दाखवला नव्हता, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

"हे जमणार न्हाई," ते म्हणाले.

अध्यक्ष हसले. "तुला काय करायचंय? तू फक्त संघाच्या खात्यावर त्येचा घसारा धर, म्हंजे बँकेला खरं वाटंल."

"ह्या ताईच्या आरशाचा घसारा मी तिच्या खात्यावर चौथं साल धरतोय. त्योच आरसा आता संघाच्या खात्यावर? एक आरसा दोन घरी कसा झिजंल?"

"आरं, पण संघ वाचायला नको का? ह्यांचं भाडं माफ होतंय, संघाला कर्ज मिळतंय. कुणाचं नुकसान हाय?"

"कर्ज फिटलं तर कुणाचंच न्हाई. न फिटलं तर बँक हे सगळं उचलून नेईल. ह्यांची दुकानं जातील."

अध्यक्षांचा आवाज चढला. "तू आमचा वकील का ह्यांचा?"

काकांनी कागद टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "मी बघून लिहितो. मी हे ह्यांच्या दुकानात बघितलंय, ह्यांनी पैसे देताना बघितलंय. मला दुसरं लिहिता येत न्हाई."

"मग तुझं हितं काम न्हाई."

काकांनी पिशवी उचलली. दारातून जाताना सवयीनं त्यांचा हात चौकटीवर गेला, पण टकटक केली नाही.

त्यांच्या मागं आमच्यातल्या निम्म्यांनी सह्या केल्या. मी, शेजारचा शिंपी आणि झेरॉक्सवाला, आम्ही तिघं सही न करता उठलो. मी धीट होते म्हणून नाही. पार्लरमध्ये परत जाऊन त्या बेसिनकडं बघायचं कसं, एवढंच डोक्यात आलं.

पुढचं वर्ष काकांना जड गेलं. संघाचं काम गेलं, महिन्याभरात दूध संघाचं गेलं, मग सोसायट्यांचं. बीडहून कुणी नवा सल्लागार आला, त्यानं बसल्या जागी सगळं लिहून दिलं म्हणे, आणि संघाला कर्जही मिळालं. काकांनी माडीवरचं ऑफिस सोडून घराच्या ओसरीत टेबल टाकलं. त्यांना कामाचं दुःख असेल, पण ते दिसायचं नाही. दिसायचं ते दुसरंच. संध्याकाळ झाली की ते उठायचे, चपला घालायचे, फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. मोंढ्यात जायचं असलं तर संघाचा रस्ता टाळून मशिदीमागून वळसा घालायचे. काकू एकदा मला म्हणाल्या, "भांडण झालं आसतं तर मिटवलं आसतं गं. ह्यांचं भांडण कुटं झालंय?"

मी काकांना विचारलं होतं, "पश्चात्ताप होतो का?" त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तो वाईट न्हाई. लई लोकांची पोटं त्येच्यावर हायत, त्येला झोप न्हाई. मला एकट्यात सांगायला पायजे हुतं. चारचौघात न्हाई." आणि लगेच, "पण सांगितलं आसतं तेच," असं म्हणून कामाला लागले.

पाऊस झाला, धरण भरलं, पण संघाला ते उशिराचं होतं. कर्जाचे हप्ते थकले आणि बँकेनं इमारत ताब्यात घेतली. गाळे रिकामे करा म्हणून नोटीस आली. बँकेचा अधिकारी माणसं घेऊन आला, हातात तारणाची यादी. त्यात ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांची कपाटं, काउंटर, काचा, सगळं होतं. आणि सही न करताही आम्हा तिघांचं होतं. नव्या सल्लागारानं न बघताच सगळे गाळे घातले होते. मोबाईलवाला रस्त्यावर डोकं धरून बसला. मालक सायकलवरून काकांना आणायला पळाले.

काका आले, सोबत पिशवी. अधिकारी तरुण होता, सरळ होता. काकांनी त्याला माझी विवरणपत्रं दाखवली. संघाच्या कर्जाच्या कितीतरी आधीपासून दरसाल त्याच आरशांचा, त्याच बेसिनचा घसारा, हळूहळू कमी होत आलेला. अधिकाऱ्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. "ह्यांचं ह्यांना नेऊ द्या," तो आपल्या माणसांना म्हणाला. शिंप्याची आणि झेरॉक्सवाल्याची विवरणपत्रंही काकांकडंच होती, त्यांचंही सुटलं. फरशी आणि छत निघण्यासारखं नव्हतं, ते गेलं. मोबाईलवाल्यासाठी काकांनी पुष्कळ घासाघीस केली, पण त्याची स्वतःची सही होती. तिथं काकांना काही करता आलं नाही.

आम्ही आरसे उतरवत होतो, तेवढ्यात संघाच्या ऑफिसातून आवाज आला. बँकेची माणसं अध्यक्षांचं टेबल बाहेर काढत होती. सागवानी, जुनं, वजनाला दगडासारखं. अध्यक्ष एकटेच आले होते. गाडी नाही, मागं माणसं नाहीत. ते म्हणत होते, "हे संघाचं न्हाई, घरचं हाय, आमच्या दादांचं," आणि अधिकारी विचारत होता, "कागद आहे का?"

वडिलांच्या टेबलाचा कागद कुणाकडं असतो?

काका माझा आरसा भिंतीला टेकवून तिकडं गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या ओट्यावर चढले. अध्यक्षांकडं त्यांनी बघितलं नाही. अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, संघाचं काम मी वीस वर्षं केलं. पहिल्याच साली ह्या टेबलाचा घसारा धरू का म्हणून इचारलं, तवा ह्यांनी सांगितलं, घरचं हाय, धरू नको. मी कधीच धरला न्हाई. तुमच्या फायलीत संघाची जुनी विवरणपत्रं आसतील, बघा. लोखंडी टेबलं सापडतील. हे सापडणार न्हाई."

अधिकाऱ्यानं फाईल चाळली. बराच वेळ चाळली. मग मान हलवली आणि माणसांना टेबल खाली ठेवायला सांगून पुढच्या खोलीत गेला.

ओट्यावर दोघं राहिले, मधे टेबल. आम्ही सगळे रस्त्यावरून बघत होतो. शिंपी आणि माझे मालक हात द्यायला पुढं झाले. अध्यक्षांनी त्यांना हातानंच थांबवलं. वाकून टेबलाची एक बाजू धरली, ती उचलली नाही, आणि मान वर न करता म्हणाले,

"धर की बे तिकडून."

काकांनी पिशवी माझ्याकडं दिली आणि दुसरी बाजू धरली. दोघांचीही साठी उलटलेली. चार पावलं टाकायचे, टेकवायचे, दम खायचे, पुन्हा उचलायचे. मोंढ्यातला भर रस्ता त्या दोघांसाठी दोन्ही बाजूंनी उभा राहिला. एका रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तर अध्यक्षांनी आणि काकांनी एकदमच त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं इंजिन बंद केलं.